आधी कुणाचं फेडायचं?

कर्जात अडकलेल्या घरात पगार झाल्यावर पैसे आधी कुणाला जातात, हे बहुतेक वेळा फोन ठरवतो. ज्याचा फोन दिवसातून चारदा येतो, त्याचा हप्ता आधी जातो. पतसंस्था विचारतच नाही, ती पगारातून परस्पर कापून घेते. कार्डवाले ‘निदान मिनिमम तरी भरा’ म्हणतात, म्हणून तेवढं भरलं जातं. आणि ज्या मेहुण्याने अडीअडचणीला साठ हजार काढून दिले तो भिडस्त, म्हणून त्याचं वर्षानुवर्षं राहून जातं. या क्रमात व्याजाच्या दराचा विचार कुठेच नसतो. हप्ता चुकला तर नेमकं काय हातचं जाईल, याचाही नसतो. स्वतःची परतफेड योजना आखायची म्हणजे हा क्रम फोनवाल्यांच्या हातून काढून घ्यायचा आणि कागदावर नव्याने लावायचा.

हे काम आपलं आपल्यालाच करावं लागतं, कारण आपल्याकडे ते करून देणारी सोय जवळपास नाही. ब्रिटनमध्ये फुकट सल्ला देणाऱ्या धर्मादाय संस्था आहेत. त्या कर्जदाराचा जमाखर्च मांडतात, घरखर्च जाऊन उरलेली रक्कम सगळ्या घेणेकऱ्यांत कर्जाच्या प्रमाणात वाटून देतात आणि पुष्कळदा बँका तेवढ्या काळापुरतं व्याजही थांबवतात. आपल्याकडे असं व्याज थांबवण्याची पद्धत नाही, त्यामुळे ती प्रमाणशीर वाटणी जशीच्या तशी उचलून उपयोग नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे खरा, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. साध्या नोकरदारासाठी मुंबईत १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा, असे इंग्रजांच्या अमदानीतले नादारीचे कायदे आहेत. कार्डाच्या लाख-दीड लाखासाठी त्या वाटेला कोणी जात नाही. ‘कर्जमुक्ती करून देतो’ म्हणणाऱ्या खाजगी कंपन्या मात्र भरपूर निघाल्यात. त्यांतल्या बऱ्याच जणी आधी आपली फी घेतात, हप्ते थांबवायला सांगतात आणि मग बँकेला पत्र लिहितात. तेवढ्यात व्याज चढतं, सिबिल बिघडतं. ते पत्र तुम्हीही लिहू शकता, त्याचा नमुना पुढे दिला आहे.

सुरुवात यादीपासून. नवरा-बायको दोघांनी बसून ती करायची, कारण दोघांपैकी एकाच्या नावावर दुसऱ्याला माहीत नसलेलं एखादं कार्ड निघतंच. प्रत्येक देण्यापुढे उरलेलं मुद्दल, दर, महिन्याचा हप्ता, तारीख, तारण काय आणि जामीनदार कोण हे लिहायचं. लोक बँकेची कर्जं आठवून लिहितात, पण भिशी विसरतात. भिशी उचलून झाली असेल, तर राहिलेले सगळे हप्ते हे कर्जच आहे. वाण्याकडची उधारी, सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी, दुकानातून हप्त्यावर आणलेला फोन, ‘आत्ता घ्या, नंतर द्या’वाल्या ॲपचे दोन-चार हजार, हे सगळं यादीत यायला हवं. आठवणीवर भरवसा नको. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावाच लागतो. तो काढला की विसरलेलं कार्ड, न वापरता चढलेली वार्षिक फी आणि मित्रासाठी जामीन राहिलेलं कर्ज, सगळं समोर येतं.

आता एक घर डोळ्यांपुढे घेऊ. घर काल्पनिक आहे, पण असं घर तुमच्या ओळखीत असेल. साताऱ्यात भाड्याने राहणारं कुटुंब, नवरा एमआयडीसीत नोकरीला, बायको घर सांभाळून थोडंफार शिवणकाम करते, एक मुलगी शाळेत, आणि आई. पगार हातात ५२,०००, त्यातले ४,००० कंपनीतली पतसंस्था कापून घेते, म्हणजे खात्यात ४८,०००. शिवणाचं उत्पन्न कमी-जास्त होतं म्हणून हिशेबात धरलेलं नाही. देणी अशी: क्रेडिट कार्डाचे १,२०,०००, महिना साडेतीन टक्क्यांनी. पर्सनल लोनचे २,४०,०००, दर १४ टक्के, हप्ता ८,२००, अजून ३६ महिने. पतसंस्थेचे ९०,०००, दर १३ टक्के. सोनेतारणाचे ७०,०००, दर १० टक्के. फोनचे १८,०००, बिनव्याजी, तीन हजारांचे सहा हप्ते. आणि मेहुण्याचे ६०,००० हातउसने. एकूण ५,९८,०००.

यातलं कार्ड जरा जवळून पाहू, कारण सगळी गळती तिथेच आहे. सव्वा लाखाला पाच हजार कमी असलेल्या या थकबाकीवर महिन्याचं व्याज होतं ४,२००. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ७५६. म्हणजे महिन्याला ४,९५६. आता समजा बँकेची किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के आहे, तर ती होते ६,०००. घरातला माणूस सहा हजार भरतो, ‘या महिन्याचं कार्ड झालं’ म्हणून सुस्कारा सोडतो, आणि मुद्दलातून कमी होतात १,०४४ रुपये. कार्ड एकदाही पुन्हा न वापरता असं किमान रकमेवर चालवलं, तर थकबाकी निम्म्यावर यायलाच साडेसहा वर्षं लागतात. त्यात आणखी एक मेख आहे. पूर्ण बिल न भरता काही बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा कार्डावर घेतला की त्याच दिवसापासून व्याज सुरू. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्यामुळे ‘इतकं व्याज कायद्यात बसतं का’ या वादात शिरण्यात अर्थ नाही.

दुसरा कागद घरखर्चाचा. इथे लोक स्वतःशीच खोटं बोलतात, आणि तेही कमी खर्च दाखवून. आपल्या घराचा हिशेब असा: भाडं ९,५००, किराणा-दूध-भाजी ११,०००, वीज-गॅस-फोन ३,२००, शाळा आणि रिक्षा ४,५००, पेट्रोल ३,०००, आईची औषधं १,८००. झाले ३३,०००. बहुतेकांचा कागद इथेच थांबतो, आणि जूनमध्ये वह्या-पुस्तकं, मग गणपती, मग दिवाळी, मध्येच गाडीचा विमा असं येत गेलं की कागद फाटतो. हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येतात. वर्षाचे ३६,००० धरले तर महिन्याला ३,००० बाजूला काढावे लागतात. एकूण खर्च ३६,०००, हाती उरले १२,०००.

आणि देण्यांसाठी लागतात किती? पर्सनल लोन ८,२००, फोन ३,०००, कार्डाचं किमान ६,०००, सोन्याचं व्याज सुमारे ५८०. बेरीज १७,७८०. दरमहा जवळपास पावणेसहा हजारांची तूट. ती आजवर भरून कशी निघाली? कार्डाने. किराणा कार्डावर, पगार हप्त्यांना. याची टोपी त्याला घालत महिने गेले, आणि फिरवलेली प्रत्येक टोपी महिना साडेतीन टक्क्यांची होती. हा आकडा कागदावर उतरला की घरातलं एक भांडण मिटतं. कुणी उधळ्या नसतो. रचनाच अशी झालेली असते की काटकसर करूनही तूट पडावी.

आता क्रम लावू. तो दोन प्रश्नांनी लागतो. पहिला प्रश्न: हे देणं चुकलं तर काय जाईल? घरभाडं, वीज, शाळा, औषधं ही देण्यांच्या आधी. मग ज्याला तारण आहे ते, म्हणजे गृहकर्ज, गाडी, सोनं. मग ज्यात दुसऱ्याची मान अडकली आहे ते. पगारदार पतसंस्थेचं कर्ज या वर्गात मोडतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे ती पगारातून वसुली करते, आणि थकलं तर कलम १०१ चा दाखला घेऊन जामीनदारालाही धरते. जामीनदार बहुधा शेजारच्या मशीनवरच उभा असतो. बिनतारण कार्ड आणि पर्सनल लोन यांचा नंबर परिणामांच्या हिशेबात शेवटचा, मग त्यांचे फोन कितीही येवोत. दुसरा प्रश्न: सगळ्यांचं किमान भागल्यावर जास्तीचा रुपया कुठे टाकायचा? तिथे दर बघायचा, आणि कार्ड पहिलं येतं.

सगळ्यात लहान कर्ज आधी संपवावं म्हणजे उत्साह टिकतो, असं सांगणारा एक पंथ आहे. दरांत फार फरक नसेल तर माझी त्याला हरकत नाही. ९०,००० वर १३ टक्के की १४, यात वर्षाला नऊशे रुपयांचा सवाल, त्यापेक्षा एक खातं बंद झाल्याचं समाधान मोठं. पण ४२ आणि १४ यांत निवड असताना उत्साहासाठी १४ वालं आधी फेडणं फार महाग पडतं.

क्रम लागला तरी तूट तशीच आहे, आणि तूट असताना योजना चालत नाही. ती बुजवायला या घरापुढे चार वाटा आहेत, आणि चारही थोड्या थोड्या वापराव्या लागतात.

पहिली वाट सोन्याची, आणि इथे घरोघरी अडतं. गहाण दागिने मोडले तर समजा १,०५,००० येतात. कर्जाचे ७०,००० वजा जाता ३५,००० उरतात. दहा टक्क्यांचं कर्ज सगळ्यात स्वस्त, मग ते आधी का मिटवायचं? कारण त्याच्यामागे अडकलेले पस्तीस हजार बाहेर काढायचे आहेत. ‘सोडवू कधीतरी’ म्हणत दरवर्षी नूतनीकरण करत राहणं आणि त्याच वेळी कार्डाला जीएसटी धरून वर्षाला जवळपास पन्नास टक्के मोजणं, हे दोन्ही एका घरात नांदू नये. दागिना बायकोचा असेल तर निर्णय तिचा, नवऱ्याने गृहीत धरायचा नाही. ती नको म्हणाली, तर तेच सोनं ठेवून तारणावर आणखी थोडी रक्कम मिळते का बघावं आणि ती कार्डात भरावी. आपल्या घराने मोडायचं ठरवलं. ३०,००० कार्डात गेले, ५,००० अडीनडीला वेगळे ठेवले. हे पाच हजार सोडू नयेत. पहिल्याच महिन्यात कुणाला ताप आला तर पुन्हा कार्ड बाहेर निघतं.

दुसरी वाट, कार्डाची उरलेली ९०,००० ची थकबाकी हप्त्यांत बदलून घेणं. हप्ते अजून चुकलेले नसताना मागितलं तर बँका पुष्कळदा तयार होतात. दर समजा १८ टक्के, मुदत ३६ महिने, तर हप्ता ३,२५३. व्याजावरचा जीएसटी धरून पहिल्या महिन्यात सुमारे ३,५००, पुढे हळूहळू कमी. प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क आधीच लेखी विचारून घ्यावं. हप्ते फिटत जातात तशी कार्डाची मर्यादा मोकळी होते, आणि लोक तिथेच पुन्हा घसरतात. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन, दुकानातलं आणि टॅप करून चालणारं असे सगळे व्यवहार बंद करायची बटणं असतात. ती बंद करायची आणि शॉपिंगच्या ॲपमध्ये साठवलेला कार्डनंबर काढून टाकायचा.

तिसरी वाट पतसंस्थेची. संचालक मंडळाकडे अर्ज करून हप्ता ४,००० वरून ३,००० करून मागायचा. जामीनदारांच्या सह्या पुन्हा लागू शकतात. कर्ज २६ महिन्यांऐवजी साधारण ३७ महिने चालेल आणि एकूण व्याज सुमारे सहा हजारांनी वाढेल. हे नुकसान डोळसपणे पत्करायचं, कारण दरमहा मोकळे होणारे हजार रुपये कार्डाची तूट थांबवतात.

चौथी वाट घरखर्चाची, ३६,००० वरून ३४,०००. दोन हजारांत ओटीटी, मोबाइलचा एक महाग प्लॅन, थोडं पेट्रोल, थोडं बाहेरचं खाणं एवढं बसतं. कुणी म्हणेल, पाच हजार कापा. कागदावर कापता येतात, पण तिसऱ्या महिन्यात ते बजेट मोडतं आणि त्याबरोबर योजनाही.

मेहुण्याचं काय? त्याला जाऊन सांगायचं, ‘भाऊजी, सहा महिने काही जमणार नाही, सातव्या महिन्यापासून दर दहा तारखेला हजार रुपये देतो’, आणि तेच व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवायचं. बिनव्याजी देणं शेवटी ठेवायला गणिताची हरकत नाही, पण न सांगता ठेवलं की नातं कुजतं. कबूल केलेली तारीख हीसुद्धा त्याच्यासाठी काहीतरी असते.

आता पुन्हा बेरीज. खात्यात ४९,०००, घरखर्च ३४,०००, उरले १५,०००. देणी: ८,२०० अधिक ३,००० अधिक ३,५००, म्हणजे १४,७००. तीनशे रुपये शिल्लक. दिसायला काहीच नाही, पण तूट संपली.

पुढचं सगळं यंत्रासारखं चालावं म्हणून थोडी मांडणी लागते. हप्त्यांसाठी वेगळं खातं ठेवावं. पगार झाला की १४,७०० त्यात वळवायचे, उरलेल्या खात्यातून घर चालवायचं. हप्त्याची तारीख पगाराच्या आधी येत असेल तर बँकेला ती बदलून मागावी. एकदा हप्ता परतला की दोन्हीकडचे दंड बसतात. परतलेल्या चेकला परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ आणि खात्यातून आपोआप होणाऱ्या वसुलीला २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ लागू शकतं, म्हणजे मामला फौजदारी होतो. आणखी एक: ज्या बँकेचं कार्ड थकण्याच्या बेतात आहे, तिच्यातच पगाराचं खातं असेल तर ते आधी दुसरीकडे न्या. खात्यातली रक्कम थकबाकीपोटी वळती करून घेण्याचा हक्क बँकेने कार्डाच्या अटींत बहुधा लिहून घेतलेला असतो. पगार झाला आणि सकाळी खात्यात शून्य, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी या अटींवर सही केलेली असते.

एकाच बँकेची दोन देणी असतील तर भरणा कशापोटी आहे हे लिहून कळवावं. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५९ प्रमाणे कर्जदाराने तसं सांगून दिलेले आणि धनकोने घेतलेले पैसे त्याच कर्जात जमा व्हायला हवेत. सांगितलं नाही, तर निवड धनकोची. दीडशे वर्षांपूर्वीचं हे कलम एका ओळीच्या ईमेलने कामाला लागतं, आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

सहा महिन्यांनी फोन फिटतो आणि ३,००० मोकळे होतात. योजना यशस्वी होते की नाही, ते इथे ठरतं. हे पैसे घरखर्चात मिसळले तर संपलं. आधीचे तीनशे धरून ३,३००. त्यातले १,००० मेहुण्याला, २,३०० आवर्ती ठेवीत. कार्डावरच्या हप्त्यात मधूनच थोडे थोडे पैसे बहुधा घेत नाहीत, एकदम बंद करावं लागतं, म्हणून साठवायचे. चोविसाव्या महिन्यात ठेवीत ४१,४०० असतात आणि कार्डाचं उरलेलं मुद्दल साडेपस्तीस हजारांच्या आसपास. बंद करण्याचं शुल्क भरूनही कार्ड वर्षभर आधी मिटतं. मग कार्डाचे ३,५०० आणि ठेवीचे २,३०० असे दोन्ही मेहुण्याच्या हजाराला जोडायचे. त्याचे राहिलेले ४२,००० सहाएक महिन्यांत फिटतात. पर्सनल लोन आणि पतसंस्था आपापल्या चालीने तिसरं वर्ष संपता संपता सुटतात. दिवाळीचा बोनस आणि शिवणाचे पैसे हिशेबात धरलेलेच नाहीत. ते आले तर मुदत आणखी खाली येईल. पर्सनल लोन आधी मिटवायचा मोह झाला तर करारात बघा, स्थिर दराच्या कर्जाला मुदतपूर्व शुल्क असू शकतं. बदलत्या दराच्या कर्जावर, ते व्यवसायासाठी नसेल तर, व्यक्तीकडून असं शुल्क घेता येत नाही.

नोकरी गेली, आजारपण आलं, तर योजना मोडेल. तेव्हा हप्ता चुकायच्या आधी बँकेला लिहायचं. पत्र लांबलचक नको: ‘माझं अमुक कर्ज आहे, उरलेली रक्कम इतकी. या कारणाने माझं उत्पन्न इतकं झालं आहे. घरखर्च इतका, सोबत तक्ता जोडला आहे. पुढचे सहा महिने मी दरमहा इतकी रक्कम देऊ शकतो, ती अमुक तारखेला भरेन. हप्ता कमी करून मुदत वाढवावी आणि या काळातला दंड माफ करावा, ही विनंती. लेखी उत्तर द्यावं.’ गयावया नको, कहाणी नको. जेवढं नक्की देता येईल तेवढीच रक्कम लिहावी, कारण कबूल केलेले दोन हजार चुकले की पुढचं पत्र कोणी वाचत नाही. ईमेलने पाठवा, शाखेत दिलं तर प्रतीवर शिक्का घ्या. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फी न देता तक्रार करता येते. पतसंस्था मात्र त्या कक्षेत नाही, तिची तक्रार सहकार खात्याकडे.

वसुलीवाल्यांचे फोन आलेच तर २०२२ मधलं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक लक्षात ठेवा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमक्या द्यायच्या नाहीत, नातेवाइकांत आणि मित्रांत बदनामी करायची नाही. फोनची वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहायची सवय लावली की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. शांतपणे एकच वाक्य सांगायचं: ‘मी अमुक तारखेला लेखी प्रस्ताव दिला आहे, त्याचं उत्तर लेखी द्या.’

सेटलमेंटबद्दल. कर्ज तीन महिन्यांहून जास्त थकलं की ते बुडीत वर्गात जातं आणि मग कधीकधी बँकच ‘साठ टक्के भरा, मिटवू’ म्हणते. एकरकमी पैसे खरोखर हातात असतील आणि पूर्ण फेडणं अशक्यच असेल, तर ही वाट वाईट नाही. पण क्रेडिट अहवालात ते कर्ज ‘क्लोज्ड’ न दिसता ‘सेटल्ड’ दिसतं, आणि पुढे घरासाठी कर्ज मागाल तेव्हा ते आडवं येतं. बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र, त्यात रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काहीही येणे नाही’ हे शब्द हाती येईपर्यंत एक रुपयाही भरू नये, आणि भरायचा तो थेट कर्जखात्यातच. एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. सेटलमेंट व्हावी म्हणून मुद्दाम हप्ते थकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो वाईट सल्ला वाटतो. सवलत मिळेलच याची खात्री नसते, व्याज मात्र नक्की चढतं.

यादीत सावकार असेल, तर त्याचा हिशेब वेगळा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवाना लागतो आणि दर सरकारने ठरवून दिले आहेत: शेतकऱ्याला तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के. हे वर्षाचे दर आहेत. ‘शेकडा दहा’ म्हणणारा महिन्याचा बोलतो, म्हणजे वर्षाला १२०. चक्रवाढ लावता येत नाही आणि मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. जुन्या दामदुपटीच्या नियमाचंच हे रूप. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होते. फोनमधले संपर्क आणि फोटो मागणाऱ्या कर्जाच्या ॲपचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत कर्जाच्या ॲपला ते बघायची मुभाच नाही. फोटो पसरवायची धमकी आली तर पैसे पाठवत बसण्यापेक्षा १९३० वर फोन करावा.

शेवटचा हप्ता भरला की लोक पेढे वाटतात आणि कागद विसरतात. प्रत्येक कर्जाचा थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्या. पतसंस्थेत दिलेले कोरे चेक आणि प्रॉमिसरी नोट परत घ्या, जामीनदाराला दाखल्याची एक प्रत द्या. खात्यावरचा आपोआप वसुलीचा आदेश रद्द करा, नाहीतर बंद झालेल्या कर्जाचा हप्ता एखादे वेळी पुन्हा कापला जातो. कार्ड ठेवायचं नसेल तर लेखी विनंती करा. काही येणं नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेवर. आणि दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल पुन्हा काढा. फिटलेलं कर्ज तिथे अजून चालू दिसत असेल तर बँकेकडे आणि अहवाल देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई म्हणून तुम्हाला मिळायला हवेत, आणि ते मागून घ्यावेत.